मधली तीस पानं

इंद्रभान दुकानाच्या पायरीशी चपला काढायचा आणि आत पाऊल टाकण्याआधीच विचारायचा, "काय रुबिना, जिवंत हाये ना मी?"

रुबिना गादीच्या गिलाफाला टाके घालत मान खाली ठेवूनच म्हणायची, "हाव काका. हाये."

"पोटभर जेवून-बिवून हाये ना? का उपाशीच ठेवलं तुह्या पुस्तकात?"

तिचे अब्बा, मेहबूब पिंजारी, या प्रश्नावर दर वेळी हसायचे. जळगाव जामोदच्या बसस्टँडमागच्या त्या छोट्या दुकानात हे विनोद जुने होत नसत. इंद्रभानचं घर मागच्याच बौद्ध वस्तीत, शेत सातपुड्याच्या अंगाला. शेताकडे जाताना आणि शेतातून येताना तो दुकानात टेकायचा. रुबिना कादंबरी लिहून राह्यली आणि तिच्यात आपण आहोत हे त्याला कळल्यापासून त्याचा हा प्रश्न ठरलेला होता.

रुबिनाचं उत्तर मात्र वैशाखापासून खोटं होतं. कादंबरीत काका मेले होते, तेही चौथ्याच पानावर.

रुबिना तिशीला आली होती. बी.ए. बाहेरून केलेलं, पुढे एम.ए.चा फॉर्म भरायचा राहून गेला तो गेलाच. दिवसा ती अब्बांच्या दुकानात गिलाफ शिवायची. अब्बा कापूस पिंजायचे. भिंतीवर आजोबांच्या वेळचं धनुष्यासारखं पिंजण टांगलेलं होतं, खाली विजेचं मशीन धडधडत असे. दुकानात सतत कापसाचं बारीक तूस तरंगायचं. ते पापण्यांवर बसायचं, चहाच्या सायीवर बसायचं. संध्याकाळी ती आरशात पाहायची तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असत. म्हातारपणी आपण कशा दिसू हे तिला रोज फुकटात कळत होतं.

लिहायला सुरुवात झाली ती बोंडअळीच्या वर्षी. बीटीच्या पाकिटावर विश्वास ठेवून सगळ्यांनी पेरलं होतं, आणि वरून भरलेली दिसणारी बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघत होती. कोणी उभ्या पिकात गुरं सोडली, कोणी नांगर घातला. इंद्रभानने मात्र वेचता आला तेवढा वेचला. पिवळा पडलेला, डागी, गाठी झालेला तो कापूस. त्याला कवडी म्हणतात. बाजारात अडत्याने गाडीत हात घातला, मूठभर बाहेर काढला, पाहिला आणि भाव न सांगताच पुढच्या गाडीकडे चालता झाला.

इंद्रभानने तोच कापूस परत आणला. घरी नेला नाही. मेहबूबच्या दुकानापुढे उतरवला आणि त्याला टेकून बसला. दुपारचा बसला तो दिवे लागेपर्यंत. अब्बा एकेक गिऱ्हाईक करत राहिले, आणि हातातलं काम संपल्यावर त्यांनी त्या ढिगातून एक मोठा पुंजका ओढून मशीनमध्ये घातला.

बऱ्याच वेळाने इंद्रभान म्हणाला, "याचं काय होईन, मेहबूबभाई?"

"गादी होईन," अब्बा म्हणाले.

त्या कापसाच्या गाद्या इंद्रभानच्या मुलीला, सुवर्णाला, लग्नात दिल्या गेल्या. गिलाफ रुबिनाने शिवले, निळ्या पट्ट्यांचे. शिवताना तिला सारखं वाटत होतं, की हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. नाहीतर ते नुसतंच घडून जाईल.

चार वर्षांत दोनशेवर पानं झाली. इंद्रभानचं नाव तिने तुळशीराम ठेवलं. पण पुस्तक लिहिणं आणि पुस्तक होणं यांत सातपुड्याएवढं अंतर आहे हे तिला हळूहळू उमगलं. तिच्या ओळखीत ना कोणी लेखक होता, ना प्रकाशक. मोबाइलवर शोधता शोधता तिला कळलं, की लेखक आणि प्रकाशक यांच्या मधे आता एजंट असतात. ते हस्तलिखित वाचतात, काय जमलं, काय फसलं ते सांगतात आणि पटलं तर प्रकाशकाकडे नेतात. तिने एकाला ई-मेलवर पहिलं प्रकरण पाठवलं.

उत्तर सभ्य होतं. भाषा चांगली आहे, निरीक्षण चांगलं आहे. पण विदर्भ, कापूस, बोंडअळी, आणि तरी पहिल्या प्रकरणात काहीच घडत नाही. 'तुमचा शेतकरी जिवंतच राहिला, तर वाचक थांबेल कशासाठी?'

रुबिना दोन दिवस त्या ओळीभोवती फिरली. अशी मरणं या भागात झालीच नव्हती असं नाही. दोन तिने फार जवळून पाहिली होती. त्या घरांत ती अम्मीबरोबर जाऊन बसली होती, आणि तिथे बोलण्यासारखं काही नसतं हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच जे मरण झालंच नाही ते लिहिताना तिचा हात अडखळला. पण एजंट शहाणा माणूस असणार. शहरातल्या वाचकाला या जिल्ह्याचा एकच दरवाजा माहीत असेल तर आपण तरी दुसरा कुठून आणणार? तिने तुळशीरामला चौथ्या पानावर मारलं आणि बाकीची कादंबरी त्याच्या बायकोच्या आठवणींत घातली. प्रकरण आधीपेक्षा घट्ट झालं होतं, हे सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी इंद्रभानची बायको सिंधूताई ताकाचा गडू घेऊन आली. "काऊन वं, चेहरा काऊन असा उतरला तुहा?" तिने विचारलं. रुबिनाने सुई बोटात गेल्याचं सांगितलं.

मग पेरण्या झाल्या, पाऊस झाला, आणि दसऱ्याच्या सुमारास ती जाहिरात दिसली. पुण्याच्या एक साहित्य-एजंट, गुप्तेबाई, पाच नव्या लेखकांची तीस तीस पानं वाचून ऑनलाइन बैठकीत अभिप्राय देणार होत्या. रुबिनाचा नंबर लागला. तिने अब्बांना सांगितलं.

"एजंट म्हंजे अडत्याच ना?"

"तसंच समजा."

"अन् तीस पानं म्हंजे नमुना." अब्बांनी मशीन थांबवलं. कापसाची गोष्ट निघाली की ते मशीन थांबवूनच बोलत. "मंग वरची देऊ नको बेटा. वरचा थर तं कोणीबी चांगलाच रचते. अडत्या कोपरापर्यंत हात घालते गाडीत. मधातला दे. मधातला चांगला निघाला तं वरचा कोणी पाहत नाही."

रुबिनाला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला ती तयारच होती. पहिल्या तीस पानांत ते मरण होतं आणि ते कोणाच्या हाती द्यायची तिची इच्छा नव्हती. जाहिरातीखाली 'नियम येथे वाचा' असं काहीतरी होतं. ते न उघडता तिने मधली तीस पानं पाठवली: कवडी कापूस परत येतो तिथपासून मुलीच्या लग्नापर्यंत.

बैठक दुपारी होती. घरात रेंज येत नसे, म्हणून ती दुकानाच्या मागच्या भागात, रचलेल्या गाद्यांच्या मधोमध मोबाइल टेकवून बसली. तिथे रस्त्यावरचे हॉर्नही मऊ होऊन येत. अब्बांनी गिऱ्हाईक असूनही मशीन बंद ठेवलं होतं.

पहिला लेखक सांगलीचा होता. "तुमची सुरुवात," गुप्तेबाई म्हणाल्या, "दोन पानं उशिरा होते." दुसरीला म्हणाल्या, "पहिलं वाक्य छान आहे, पण पहिल्या पानावर नऊ माणसं येतात." तिसऱ्याच्या वेळी रुबिनाच्या लक्षात आलं. सगळ्यांनी सुरुवातीची पानं पाठवली होती. सगळ्यांनी. तिला मोबाइल पालथा घालून रेंज गेल्याचं सोंग करावंसं वाटलं.

"रुबिना," बाई म्हणाल्या, "तुमचं पहिलं पान एकशे बारावं आहे. नियम वाचले नव्हते का?"

"नाही मॅडम."

"आणि मधलीच पानं का?"

खोटं सुचेना. तिने अडत्याचा हात, वरचा थर, अब्बांचा सल्ला, सगळं सांगून टाकलं. सांगलीचा लेखक मोठ्यांदा हसला. बाई हसल्या नाहीत.

"मी वैतागले होते. वाचायचीच नाहीत असं ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "हे असं पुन्हा कुठे करू नका. दुसऱ्या कुणी न वाचताच काढून टाकलं असतं. आता पानांबद्दल. तुम्ही फार समजावून सांगता. माणूस गप्प बसला की तो का गप्प बसला ते तुम्ही तीन वाक्यांत सांगता. ती काढा. लग्नाचं वर्णन निम्मं करा. चंद्र तीनदा उगवतो. एकदा पुरे."

रुबिना लिहून घेत होती.

"पण तो माणूस विचारतो, याचं काय होईल, आणि समोरचा म्हणतो गादी होईल, तिथे मी पानं खाली ठेवली आणि जरा खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. असं माझ्याकडून फारदा होत नाही. मला सांगा, कादंबरी सुरू कुठे होते?"

"तुळशीराम मरतो तिथे."

"हाच तुळशीराम? कापूस परत आणणारा?"

"हो. मग हे सगळं त्याच्या बायकोच्या आठवणीत येतं."

बाईंनी विचारलं, "तो मरायलाच हवा आहे का?"

"नाही," रुबिना म्हणाली. आपण एवढ्या चटकन बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "तो मेलाच नाही मॅडम. शेजारीच राहतो. मला एकांनी सांगितलं होतं की मेला नाही तर वाचक थांबणार नाही."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्यासारखेच एक एजंट होते."

आता बाई हसल्या. "मग हेही एका एजंटचंच मत समजा. मरण आधी सांगून टाकलंत, तर त्या कापसाला टेकून बसलेल्या माणसाची काळजी मी कशी करणार? मला त्याचं पुढे काय झालं ते माहीतच असेल. इथून, या कापसापासून सुरू करून बघा. मी वचन देत नाही. पुस्तक होईल की नाही, आज सांगता येत नाही. पण नीट करून पाठवलंत तर पूर्ण वाचेन. आणि या वेळी पहिल्या पानापासून."

बैठक संपली तरी रुबिना गाद्यांना पाठ टेकून तशीच बसून राहिली. कंबरेत इतके महिने काहीतरी आवळून बांधलेलं होतं आणि ते कोणीतरी सोडलं होतं. रडू येईल असं वाटलं, आली ती शिंक. तूस नाकात गेलं होतं.

अब्बा पडदा सारून डोकावले. "काय म्हणे अडत्यीनबाई? भाव लागला?"

"नाही अब्बा. नियम न वाचल्याबद्दल बोलणी खाल्ली. तुमच्यामुळे."

अब्बांचा चेहरा पडला. "मंग?"

"गाडी उभी ठेव म्हणे."

"मंग बरं हाये," अब्बा म्हणाले. "नापसंत असता तं चालती झाली असती." आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

मरणाची ती दहा-बारा पानं तिने त्याच संध्याकाळी काढून टाकली. तुळशीरामच्या बायकोच्या तोंडी घातलेला सगळा आक्रोश गेला. त्यातली काही वाक्यं चांगली होती, पण त्यांचं तिला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वेचणीचा कापूस पाहून इंद्रभान परतत होता. सोबत सिंधूताई होती, तिच्या पदराच्या ओटीत राहून गेलेली चार बोंडं. इंद्रभानने पायरीशी चपला काढल्या.

"जयभीम मेहबूबभाई. काय रुबिना, जिवंत हाये ना मी?"

रुबिनाने सुई गिलाफात खोचून ठेवली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. "हाव काका. एकदम जिवंत."

"आज बरी जोरात सांगून राह्यली. आजवर शंका होती का काय?"

तिने अब्बांकडे पाहिलं. अब्बा कापसात तोंड घालून होते, मदत करणार नव्हते. "मधी मेले होते तुम्ही," ती म्हणाली. "वैशाखापासून कालपर्यंत."

इंद्रभान बघतच राहिला. रुबिनाला वाटलं, चुकलंच आपलं.

"वैशाखापासून?" तो म्हणाला. "अन् कोणी मले सांगतलं नाही? पेरणी केली मी. दोन डवरण्या केल्या. मेलेल्या माणसाले फवारणी करू देली तुम्ही?" मग तो सिंधूताईकडे वळला. "तुले तं समजाले पाहिजे होतं."

"मले काय समजते," सिंधूताई म्हणाली. "जेवण तं तेवढंच करून राह्यले होते."

इंद्रभान हसत हसत आत आला. दाराशी पिंजलेल्या कापसाचा ढीग होता, त्याला टेकून बसला आणि त्याने चहा सांगितला.