ओलं गोणपाट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कुणास ठाऊक — पण तोंड उघडलंच आहे, तर आता थांबत नाही.

मी अग्निशमन दलात आहे. माझं नाव झालं ते आगी विझवून नाही, प्रात्यक्षिकं दाखवून. शाळा, बचत गट, आठवडे बाजार — साक्रीपासून पिंपळनेरपर्यंत लोक मला ओळखतात. सिलिंडर पेटवायचा, बायका मागे सरकेपर्यंत आग वर जाऊ द्यायची, मग भिजवलेलं गोणपाट टाकून एका दमात विझवायची. टाळ्या पडतात. खोटं कशाला बोलू — त्या टाळ्यांची मला चटक लागली होती.

सिलिंडरनंतर तेलाची कढई पेटवून दाखवायची असते. पेटत्या तेलावर पाण्याचा थेंबही चालत नाही. गॅस बंद करायचा आणि वर झाकण ठेवायचं, बस. पण झाकण ठेवलं की आग गुपचूप विझते. बघायला काही नाही, टाळ्या नाहीत, वर ती काळी कढई घासत बसा. म्हणून मी ती गाडीत ठेवायचंच बंद केलं.

त्या दिवशी साक्रीच्या बाजारात समोर सुमनअक्का बसली होती. तिथेच तिची भज्यांची गाडी. तिने विचारलं, "कढईमा तेल पेटनं त काय करानं, भाऊ?"

मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण एका हातात माइक, दुसऱ्या हातात गोणपाट, टाळ्या अजून थांबायच्या होत्या — कढई आणलीच नाही, हे आता कुठे सांगत बसू? मी गोणपाट उंच धरलं. म्हणालो, "हेच. सगळ्या आगींवर एकच औषध."

निघताना मनाला टोचलं. परत जाऊन सांगता आलं असतं, अक्का तिथेच भजी तळत होती. मी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.

पावसाळ्यानंतर तिच्या कढईतलं तेल पेटलं. आम्ही पोचलो तोवर तिला दवाखान्यात नेलं होतं. पाणी निथळणारं गोणपाट तिने मी दाखवलं तसंच टाकलं होतं, आणि तेल उसळून तिच्या हातांवर आलं होतं. ते गोणपाट बघताच काय झालं ते मी ओळखलं. पायाने बाजूला सारलं.

दवाखान्यात गेलो. विचारपूस करायला? नाही — तिला काय आठवतंय ते बघायला. दोन्ही हात पट्ट्यांत होते. ती म्हणाली, "तुम्ही बराबर शिकाडं व्हतं, भाऊ. मनाच हात चुकना."

चूक तिने स्वतःच्याच हातावर घेतली. मी तिला आराम करायला सांगितलं आणि बाहेर आलो.

इथेच संपलं असतं तर — पण नाही. आता मी कढई नेतो, झाकणही नेतो. आणि झाकण ठेवण्याआधी एका बाईची गोष्ट सांगतो. ती घाबरली, तिने तेलावर ओलं गोणपाट टाकलं, असला वेडेपणा करू नका. लोक हळहळतात. गोष्ट छान रंगते.

मागच्या महिन्यात साक्रीत ती सांगून झाल्यावर मला अक्का दिसली. पुढेच बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने हात पदराखालून काढले नाहीत. नुसती मान हलवली — भाऊ बरोबर सांगतोय, अशी.