आजेसासऱ्यांचा कोट
खंडेनवमीला हत्यारं-अवजारं वापरायची नसतात. तरी पाटणच्या राजेश्वरीने पूजेतली शिलाईची कात्री उचलली आणि शेजारीच मांडलेल्या आजेसासऱ्यांच्या लोकरी लष्करी कोटाची बाही कापली. फौजेतली तिची लेक शिवांजली उद्या सीमेवर परतणार होती. पुरुषी मापाच्या बुलेटप्रूफ जाकिटाने पोरीचे खांदे सोलवटले होते. त्याखाली घालायला जाड गाद्या हव्या होत्या.

“आगं, पुजायचा कोट त्यो!” सासूबाई साळूबाई ओरडल्या.

“आवं आत्या, ट्रंकेत पडून त्यो कुणाला राखतोय? आन् पोरीचं फौजेतलं साहेब रागावलं, तर म्हणावं, आदी पोरींची मापं घ्या!”

साळूबाईंनी कोट जवळ ओढला. मग दुसरी बाही त्यांनीच पुढं सरकवली. “हीबी काप. खांदं दोन हायती की.”