ताटाची डावी बाजू

पहिल्यांदा सांगितली तेव्हा गोष्टीत बैल एकच होता. आठ दिवसांत त्याची शिंगं हातभर वाढली, पंधरा दिवसांत तो दोन बैलांची झुंज झाला, आणि महिनाभराने रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर मी त्यातल्या एकाला शिंगाला धरून बाजूला सारत होतो. लोकांचे चहा गार व्हायचे.

बैल नव्हताच. शिंगाड्यांचा ठेला होता, एका जागी उभा, आणि मी स्कूटर त्याच्यावर घातली होती. मागे बायको बसली होती. तिचं डावं मनगट मोडलं.

त्याआधी दोन महिने मला मेंदूचा झटका येऊन गेला होता. हातपाय शाबूत राहिले, जीभ तर इतकी शाबूत की नर्सबाईंनी दोनदा हात जोडले. गेलं ते फक्त डावीकडचं दिसणं, दोन्ही डोळ्यांचं. अंधार नव्हे, अंधार असता तर निदान कळलं असतं. आपल्या पाठीमागे काय आहे ते आपल्याला काळं दिसतं का? ते नसतंच. तशी माझी डावी बाजू नसते.

डॉक्टर म्हणाले, "गाड़ी को अब हाथ मत लगाइए." बायको तेव्हा औषधांच्या रांगेत होती. घरी जाताना मी तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस आराम, मग हळूहळू चालवा. रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून आलो तेव्हापासून रायपुरात माझ्या स्कूटरशिवाय पान हलत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. त्या माणसाने आता ऑटोत कोपऱ्याला बसायचं?

मी चालवू लागलो आणि ती न चुकता मागे बसू लागली. सारखी बोलायची. "रिक्शा आहे हो. गाय आहे. डावीकडून पोट्टा येऊन राहिला." मला वाटलं, बाई भित्री झाली. म्हटलंसुद्धा, "झटका मले आला का तुले?"

दिवाळीच्या पणत्या घ्यायला बूढ़ापाऱ्याच्या बाजारात निघालो होतो, तेव्हा ते घडलं. दवाखान्यात विचारलं, काय झालं? मी म्हणालो, बैल आडवा आला. ती कळवळत होती, तरी म्हणाली, "हव, बैलच होता."

एवढ्यावर मी महिनाभर जगलो. मग एका दुपारी जेवताना माझं लक्ष गेलं. जवसाची चटणी ताटात उजवीकडे होती, भाजीला टेकून.

आमच्याकडे मीठ, लिंबू, चटणी, सगळं डावीकडे. लग्नानंतर पहिल्याच पंगतीत तिने लोणचं उजवीकडे वाढलं, तर माझ्या आईने अख्खं ताट पुन्हा वाढायला लावलं होतं. त्यानंतर ही चूक तिच्या हातून कधी झाली नाही.

"चटणी इकडे काहून?"

"तिकडची एक तरी दिवस खाल्ली का तुमी?" प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ती पोळी वाढत होती. "दवाखान्यातून आले अन् रोज विचारत, आज चटणी नाही का. चटणी ताटातच होती."

म्हणजे तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

"मग माझ्या मागे बसली काहून?"

"मी नसती बसली त तुमी एकटेच गेले असते."

एवढं ऐकूनही माझ्यातला लबाड संपला नाही. मी विचारलं, "मग तो ठेला तुलेही दिसला नाही?"

"दिसला. दोनदा सांगितलं, ठेला आहे म्हणून. तुमी बाजूच्या स्कूटरवाल्याले वाघाचा किस्सा सांगून राहिले होते."

खरं होतं. रेल्वेलाइनवर माझ्यासमोर उभा राहिलेला वाघ. तोही वाघ नव्हता, लांबून दिसलेलं कुत्रं होतं. डोळ्यांना दोष द्यायची सोयसुद्धा तिने ठेवली नाही. तिने डावी बाजू मला तोंडाने सांगितली होती, आणि माझं तोंड कुत्र्याचा वाघ करण्यात गुंतलं होतं.

प्लास्टर निघाल्यावर मी तिला टपरीवर नेलं आणि सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. डोळा, डॉक्टर, ठेला, सगळं. टपरीवाला म्हणाला, "काका, ये वाला नहीं जमा. बैल वाला सुनाओ ना." सगळे हसले. मी दुसऱ्यांदा सांगितलं, तर आणखी हसले.

परतताना ती माझ्या डावीकडून चालत होती. तिच्या उजव्या हातात पिशवी, म्हणून माझा दंड तिने तोच मोडलेला हात आडवा घालून धरला होता. मनगट अजून पुरतं वळत नाही, त्यामुळे पकड ढिली. मी म्हणालो, "तो टपरीवाला आहे ना, त्याचा आजा एकदा..."

"नाली आहे," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं आणि थांबलो.