मागची सीट

चामोर्शीच्या बाजाररोडवर माझं सीट कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकलच्या सीटा शिवायला लागून मला पंचवीस वर्षं झाली, पण एवढ्या काळात घरच्या गाडीची सीट काही नीट झाली नाही. मागच्या बाजूचं रेक्झीन फाटलेलं, त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आणखी एक चिकटपट्टी. बायको म्हणायची, "अजी, साऱ्या दुनियेच्या बुडाची काळजी करता, आमच्या बुडाची कधी कराल?" मी म्हणायचो, करू. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

मी आधी शिंपीकाम शिकलो, मग रेक्झीन. चामडं आमच्या घरात चालत नव्हतं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा मेल्या ढोरांचं काम सोडलं आणि ते पुन्हा घरात येऊ नये असं वडिलांना बजावलं. वडिलांनी मला बजावलं. वडील गेल्यावर जड गाड्यांची हौस असलेली पोरं खऱ्या चामड्याची सीट मागायला लागली, तेव्हा मी भीत भीत पहिलं चामडं मागवलं. हाताला ते लगेच आवडलं. रेक्झीन कितीही वापरा, ते परकंच राहतं. चामडं बसणाऱ्याचा आकार घेतं, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचो.

मग बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला डायलिसिस. एसटीची वेळ जुळत नव्हती, आणि मशीनवरून उठल्यावर तिला स्टँडवर उभं राहवत नव्हतं. म्हणून गाडी. खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केलेली. पहिल्याच आठवड्यात ती घरी येऊन पालथी पडून राहिली. मी विचारलं, तर म्हणाली, "हाडं लागतात जी. मांस कुठी राह्यलं आता?"

त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. अख्ख्या तालुक्याच्या सीटा शिवणारा मी, आणि माझी आजारी बायको चिकटपट्टीवर बसून दवाखान्यात जात होती. ठरवलं, की अशी सीट करायची की तिला खड्डा कळलाच नाही पाहिजे. ती बरी होणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. माझ्या हातात होतं ते एवढंच.

माप घ्यायची माझी स्वतःची एक रीत आहे. धानाच्या बांधीतली चिकण माती आणतो, बुटक्या लाकडी खोक्यात थापतो, खोकं बाकावर ठेवतो आणि त्यावर प्लास्टिक अंथरून गिऱ्हाइकाला दोन्हीकडे पाय टाकून बसवतो. पाच मिनिटांनी माणूस उठला, की मातीत त्याची बैठक उमटलेली असते. भार कुठे पडतो, हाड कुठे रुततं, सगळं दिसतं. त्या खड्ड्यांवरून मी फोम कापतो.

दुकानात, भर रस्त्यावर तिला अवघड वाटलं असतं, म्हणून खोकं घरी नेलं. ती लुगडं सावरत बाकापाशी आली आणि थबकली.

"मी का अशी बसते गाडीवर?" ती म्हणाली.

"तू बस वं. मापाचं मले समजते," मी म्हणालो.

राग माझ्या नाकावर असतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं. ती बसली. माती गार लागते म्हणून हसली. मग म्हणाली, "सासरे असते तर चामड्यावर बसू दिलं नसतं." मी म्हणालो, सुनेसाठी दिलं असतं.

पुढचे नऊ दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. जुनं कव्हर उपटलं, पत्र्यावरचा गंज घासला. खाली कडक फोम, वर मऊ, आणि मागच्या भागात तिच्या मापाचे दोन खळगे. ती घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना बोटभर उंच कड ठेवली. नागपूरहून तपकिरी चामडं आणलं. रापीनं कापलं, आरीनं एकेक भोक पाडलं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं, दोन सुयांनी, हातानं शिवलं. कडेवर चामड्याचाच जाड गोट घातला. चामडं ओलं करून फोमवर ताणताना माझी बोटं सोलून निघाली, पण एक सुरकुती पडू दिली नाही. माझ्या हातून इतकी देखणी सीट आधी झाली नव्हती.

पहिल्या दिवशी ती बसली आणि मी निघालो. ट्रकांच्या धुळीतून जाताना मी मान न वळवता ओरडून विचारलं, "लागते का वं?"

"नाई. चला तुमी," ती म्हणाली.

मी प्रत्येक खेपेला विचारायचो आणि ती तेवढंच म्हणायची. आरशात मला तिचं कपाळ आणि डोक्यावरचा पदर दिसायचा. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये पेशंटचे नातेवाईक सीटवरून हात फिरवायचे, कुठून आणली विचारायचे. मी सांगत बसायचो. ती आत मशीनवर असायची आणि मी बाहेर सीटची तारीफ ऐकत असायचो. हे आता लिहितानाही मान खाली जाते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ती जुना टॉवेल घडी करून सीटवर टाकायला लागली. मी विचारलं, तर धूळ बसते म्हणाली. मला ते आवडलं नाही. एकदा चहाच्या टपरीवर थांबलो, तर लोकांना टॉवेलच दिसत होता. माझं डोकं फिरलं. तिच्या हातातून टॉवेल ओढून मी गाडीच्या बाजूच्या डिक्कीत कोंबला.

"काऊन झाकतं तिले? झाकाले बनवली का मी सीट?"

टपरीवरची माणसं बघत होती. ती पदर सारखा करून बसली. त्यानंतर तिनं टॉवेल कधी आणला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी ती गेली, दवाखान्यातच. येताना गाडीवर मागे कुणी नव्हतं आणि गाडी हलकी लागत होती. ते हलकेपण मला सहन झालं नाही. अर्ध्या रस्त्यात थांबून मी एका मोहाच्या झाडाखाली रडलो.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. आरमोरीला दिलेली मुलगी तेवढी थांबली होती. काहीतरी करायचं म्हणून मी सीट काढून अंगणात आणली आणि जवसाचं तेल लावायला बसलो. तेव्हा पहिल्यांदा ती सीट मी नीट पाहिली.

मधले दोन खळगे कोरे होते. मी नऊ दिवस राबून ज्या मापाने कोरले होते, त्यात कुणी बसलेलंच नव्हतं. चामड्यावर तिथे चमक होती तशीच होती. पण डावीकडची कड वीतभर लांबीत दबली होती, काळी पडली होती, आणि तेवढ्या भागात गोटाचा दोरा झिजून तुटायला आला होता.

बावीस वर्षं ती माझ्या मागे एका अंगाला बसत होती, दोन्ही पाय डावीकडे सोडून. लुगडं नेसणारी बाई दुसरी कशी बसणार? हे शेंबड्या पोराला कळतं. पण मी तिला मागे बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी पुढे होतो. मातीवर तिला मी पोरांसारखी बसवली आणि उंच कड केली ती नेमकी तिच्या मांडीखाली आली. ती बोलली होती, मी का अशी बसते म्हणून. मला मापाचं समजत होतं ना!

मुलगी चहा घेऊन आली. मी कडेवर बोट ठेवलं. तिनं एकदा बघितलं आणि नजर फिरवली.

"तुले मालूम होतं?" मी विचारलं.

"आईच्या मांडीले वळ येत," ती म्हणाली. "काळेनिळे. इथी आली का मी तेल चोळून देत होती."

"मग मले काऊन नाई सांगतलं?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणे, तुह्या बाबानं बोटं सोलून केली, माह्यासाठी पहिल्यांदा काई केलं. त्याले सांगू नको."

मी तिच्यावर ओरडलो. कुणावर तरी ओरडायची सवयच आहे मला. तिनं अगदी आईसारखं ऐकून घेतलं, आणि मग माझाच आवाज बसला. चहा तसाच निवला.

थोड्या वेळानं मी सीट परत गाडीवर चढवली आणि मुलीला म्हणालो, "तू चालव. गडचिरोलीले जाऊ." तिनं काम काय ते विचारलं नाही. मी मागे बसलो, दोन्ही पाय डावीकडे सोडून, उजव्या हातानं तिच्या खांद्याला धरून. बाजाररोडवरून असा पुरुष जाताना दिसला असता तर एरवी गावानं वर्षभर पुरेल एवढी टिंगल केली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

गावाबाहेर पडलो आणि पहिल्या खड्ड्याला गोट मांडीत रुतला. दुसऱ्याला पाय मुंग्यांनी भरला. मी सरकून मागे जाऊ पाहिलं, तर माझीच उंच कड मला खळग्यात नीट बसू देईना. माझी मांडी धडधाकट माणसाची. तिच्या मांडीवर शेवटी शेवटी कातडीशिवाय काही उरलं नव्हतं. आणि मी पुढून, मान न वळवता, लागते का म्हणून विचारत होतो.

ट्रक गेला, धूळ उठली. मुलीनं वेग कमी केला.

"बाबा, लागते का? थांबवू?"

"नाई," मी म्हणालो. "चाल तू."

गडचिरोली येईपर्यंत मी उतरलो नाही.