माझ्या बहिणीचं वय

पाहुण्यानं माझ्या थोरल्या बहिणीची हनुवटी धरली, अंगठ्यानं ओठ वर केला आणि दात बघितले. बाजारात बैल घेताना बघतात तसे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दात अस्सल शेतस ना हो डॉक्टर?"

मी म्हणालो, "हो."

नवापूरजवळ हायवेला लागून शेठचं केंद्र होतं. सुरतेची, नंदुरबारची पैसेवाली माणसं वय रोखायला तिथं यायची. मी त्यांचं रक्त तपासायचो, सलाईन लावायचो, आहार लिहून द्यायचो. सोबत सातपुड्यातल्या मुळीची भुकटी. मीही सातपुड्यातलाच. भिल्ल, एमबीबीएस. शेठ तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणत. पाठ वळली की, इकडे आदिवासी माणसाला हाक मारतात तसं, 'आपला मामा'.

त्या दिवशी बहिणीला मीच आणलं होतं. भुकटीच्या जाहिरातीला म्हातारं माणूस हवं होतं, आणि तिच्या आधार कार्डावर वय होतं ब्याण्णव. कार्ड काढणाऱ्यानं जन्मसाल विचारलं, तिला सांगता आलं नाही, त्यानं चेहरा बघून साल टाकलं. आमच्या पाड्यावर बऱ्याच जणांची वयं अशीच पडली. खरं तर ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा, ती सदुसष्टची.

शेठनं कार्ड मोठं करून भिंतीवर लावलं. मी माईकवर सांगितलं, ही डोंगरातली आजी, रोज ही मुळी खाते. तिनं ती मुळी कधी खाल्ली नव्हती. माझी बहीण आहे, हे मी सांगितलं नाही.

टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "बुढी, नाची दखाड." नाचून दाखव म्हणे. सगळे हसले. मीही हसलो.

परतताना जीपमध्ये तिनं आमच्या बोलीत विचारलं, कोणाची आजी केलीस रे मला?

सदुसष्टच्या बाईला ब्याण्णवचा चेहरा कशानं आला? तिथं एकानंही विचारलं नाही. रोग होण्याआधी ओळखणं हा माझा धंदा. मीही विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. मी शिकावं म्हणून ती गुजरातेत ऊस तोडत राहिली. बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी फडात. पाहुण्यांच्या रक्ताच्या चाळीस तपासण्या मी करायचो. तिचं रक्त एकदाही काढलं नाही.

तीन वर्षांनी सरकारी दवाखान्यात काढलं, ते दुसऱ्यानं. हिमोग्लोबिन चार. दोन दिवसांत गेली.

तिसऱ्या दिवशी शेठ घरी आले. मृत्यूचा दाखला लिहूनच आणला होता. वय पंच्याण्णव, कारण वार्धक्य. जाहिरातीत छापायचा होता. "तुन्हं काय जाई ऱ्हायनं? एक सही तं मारनी शे."

हात पेनापर्यंत गेला. खोटं सांगणार नाही, गेला. मग मी कागद परत दिला.

"मन्ही बहीण व्हती ती. सत्तर वरीसनी."

शेठ हसले. म्हणाले, मग तर अजूनच चांगलं, डॉक्टरच्या घरातलीच बाई.

सही दुसऱ्या डॉक्टरनं केली. मला काढलं. तिचा फोटो भुकटीच्या डब्यावर अजून आहे. तो काढा, वय खोटं आहे, म्हणून मी पत्रं लिहिली, फोन केले. उत्तर एकच, कार्ड सरकारी आहे, तुमच्याकडे पुरावा काय? पुरावा नाही. तिचं खरं साल कुठंच लिहिलेलं नाही. साक्षीदार फक्त मी, आणि मी तर माईकवर खोटं बोललेला.

तेच आता लिहून, सही करून देतो आहे. मी खोटं बोललो. डॉक्टरकीची नोंदणी जाईल, जाऊ द्या. ज्यांना मी भुकटी दिली, त्या प्रत्येकाच्या दारात जाणार आहे. डब्यावरच्या तोंडावर बोट ठेवून सांगणार आहे. ही म्हातारी नव्हती. हिला आम्ही म्हातारी केली.