मल्लाप्पांच्या हातचा घास

मोतीबिंदू काढायला म्हणून मल्लाप्पा शिरोळकडच्या आपल्या गावातून कोल्हापूरला लेकीकडे आले आणि महिनाभर अडकून पडले. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूळ नको, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. म्हणजे शेतकऱ्यानं जगायचंच नाही, असा मल्लाप्पांनी त्याचा अर्थ लावला. लेक रक्षिता आणि जावई नऊला कामावर जात. मग कपाळाला विभूती, डोळ्यांना काळा चष्मा लावून मल्लाप्पा पार्किंगमधल्या बाकावर येऊन बसत, उपोषणाला बसलेल्या पुढाऱ्यासारखे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते विचारत, "पावणं, गाव कंचं?" लोक फ्लॅटचा नंबर सांगून लिफ्टमध्ये शिरत.

चौथ्या दिवशी एका बाईचा आवाज आला, "कोको, आजोबांना त्रास देऊ नकोस. मम्माकडे ये बघू!"

मल्लाप्पांना एका डोळ्यानं धूसर आणि दुसऱ्यानं त्याहून धूसर दिसत होतं. त्यांनी कौतुकानं विचारलं, "शाळंत जातोय काय?"

"अजून दोनच वर्षांचा आहे."

"बोलतोय न्हवं?"

"भुंकतो."

मल्लाप्पा काही बोलणार एवढ्यात त्यांच्या मांडीवर एक थोरलं ओलं नाक येऊन टेकलं. कोको हा चॉकलेटी रंगाचा, वासराएवढा लॅब्रेडॉर होता आणि मम्मा म्हणजे वरच्या मजल्यावर एकटी राहणारी, बँकेतली संघप्रिया.

"राखण करतोय काय ह्यो?"

"छे हो! चोर आला तर त्यालाही चाटेल."

"मग काम काय ह्येचं?"

"काम? काही नाही. असतो."

हे उत्तर मल्लाप्पांना दिवसभर पचलं नाही. नांगराला नाही, गोठ्याला नाही, नुसतं असतं? त्यांच्या मळ्यातला काळ्या कुत्रा ट्रॅक्टरखाली झोपायचा, टाकलेलं शिळंपाकं खायचा आणि बारा वर्षांत मल्लाप्पांचा हात त्याला लागला नव्हता. पाय तेवढा लागला होता, तोही वाटेतून सरकवायला. आणि इथं संध्याकाळपर्यंत त्यांचाच हात कोकोच्या कानामागं खाजवत होता. हात आपलाच आहे ना, हे त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. गावाकडे बैलांशी कानडीत बोलायची सवय, म्हणून कोकोशीही ते कानडीतच बोलायचे. "बारो, बारो!" म्हटलं की तो धावत यायचा.

चौथ्या आठवड्यात संघप्रिया दोन दिवस पुण्याला ट्रेनिंगला निघाली. तिनं मल्लाप्पांच्या हातात किल्ली ठेवली. "फ्रिजमध्ये डबा आहे. दोन वेळा द्या, बास."

"बिनघोर जा की, पोरी!"

डबा उघडला आणि मल्लाप्पा दोन पावलं मागं आले. उकडलेली कोंबडी! लिंगायताच्या घरात अडुसष्ट वर्षं काढलेल्या माणसानं अंड्यालाही कधी बोट लावलं नव्हतं. त्यांनी झाकण लावलं, खाली जाऊन भाकरी आणली आणि दुधात कुस्करून वाडग्यात घातली. कोकोनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग मल्लाप्पा भुईवर मांडी घालून बसले, घास केला, "तिन्नो रे, खा माझ्या राज्या" म्हणत पुढं धरला. कोकोनं खाल्ला. दोन दिवस चारही जेवणं अशीच पार पडली.

संघप्रिया आली तर डबा जसाच्या तसा. मल्लाप्पांनी सगळं कबूल केलं. ती हसली, पण तिचं हसू रात्रीपर्यंतच टिकलं. कोको वाडग्याला तोंड लावेना. तिच्या हातूनही खाईना. सकाळी तोच प्रकार.

"आजोबा, तुम्ही परवा गावाला जाणार. मग मी काय करू?" तिनं भरलेला वाडगा त्यांच्यापुढं धरला.

मल्लाप्पांची झोपच उडाली. जनावर आपण बिघडवलं, तर जायच्या आधी ते आपणच सुधारायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातली सांडशी उचलली.

"आप्पा! कोंबडीला माझी सांडशी न्हाय हां!" रक्षिता ओरडली.

संघप्रियानं आपला चिमटा दिला. मल्लाप्पांनी चिमट्यात कोंबडीचा तुकडा धरून हात लांब केला. कोकोनं चिमटा पाहिला, मल्लाप्पांना पाहिलं आणि खाली बसला.

मल्लाप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग पाठीवर टाकलं, तोंड भिंतीकडे केलं आणि अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा तो तुकडा बोटांत घेतला. "तिन्नो लवकर!" गपकन आवाज आला. दुसरा तुकडा. तिसरा. चौथ्याला कोकोनं आपणहून वाडग्यात तोंड घातलं, आणि संघप्रियानं डोळे पुसले.

मल्लाप्पा हात अंगापासून लांब धरून उभे. आता डोक्यावरून अंघोळ करावी, तर डॉक्टरांचा नकार. न करावी, तर पाप. पण भुकेल्या जिवाला खाऊ घातलं ते पाप कसं? आणि पाप असेल तर छाती अशी का भरून आलीय? काहीच उलगडेना. त्यांनी साबणानं तीनदा हात धुतले आणि गावाकडे बायकोला फोन लावला. असल्या बाबतीत शिवगंगा सांगेल ते शेवटचं.

सगळं ऐकून शिवगंगाबाई म्हणाल्या, "हातानं भरवलासा?"

"व्हय."

"मांडी घालून?"

"व्हय की. पर ते पापाचं..."

"बेचाळीस वर्सं झाली लग्नाला. मला भरवलासा कधी?"

मल्लाप्पांनी फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं, परत कानाला लावला.

"अगं, कोंबडीचं काय ते सांग की," ते पुटपुटले. पण पलीकडून फोन केव्हाच ठेवलेला होता.