रविवारच्या चटया

“बसा मरे! उभ्या उभ्या कसली भेट?” असं म्हणत काकी समोरच्याच्या हातातली पिशवी काढून घ्यायच्या. पिशवी गेली की माणूस बसतोच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडच्या एका वृद्धाश्रमात कारकून होतो. असा आश्रम तुम्ही पाहिला असेल, तर तिथला रविवारही पाहिला असेल. लोखंडी खाटांची रांग, फिनेलचा वास आणि खाटेच्या पायथ्याशी घड्याळ बघत उभे असलेले मुलगे-सुना. आजाऱ्याला बघायला आल्यासारखी सफरचंदं ठेवायची, तब्येत विचारायची आणि टीव्हीवरचा सिनेमा सुरू व्हायच्या आत घर गाठायचं.

काकींना हे बघवेना. त्या मालवणकडच्या, स्वतःच आश्रमात राहणाऱ्या. नवरा गिरणीत होता, तो वारला. खोली पुतण्याकडे गेली आणि काकी आमच्याकडे आल्या. त्यांनी खाटांच्या मधे चटया अंथरायला सुरुवात केली. चटईवर मांडी घातलेला पाहुणा चटकन उठत नाही. मग पाणी, गूळ, आणि “वाटेत तरास नाय ना झालो?”

भिंतीवरची ‘भेटीची वेळ’ ही पाटी तर त्यांनी उलटीच टांगली. व्यवस्थापक कडाडले.

“साहेब, दवाखान्यात येळ आसता. घराक येवक कसली येळ?”

साहेबांनी पाटी सरळ केली, काकींनी पुन्हा उलटी केली. असं महिनाभर चाललं आणि साहेबांनी हात टेकले. पुढे ऑफिसातला टीव्हीसुद्धा हॉलमध्ये आला. मुलगे आईशेजारी बसून सिनेमा बघू लागले.

हा सगळा खटाटोप दुसऱ्यांच्या पाहुण्यांसाठी. काकींकडे कोणीच यायचं नाही. तरी दर रविवारी त्या ठेवणीतलं पातळ नेसून फाटकाकडे तोंड करून बसायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, “काकी, पुतण्याला निरोप धाडू?”

“नको रे. घरच्या माणसाक आवतण कित्याक?”

पण एका संध्याकाळी, सगळे गेल्यावर चटया गुंडाळताना त्या हळूच म्हणाल्या, “माज्या नावान कोण तरी येक येवक व्हया होता.” मला फार वाईट वाटलं. मी दुसरी चटई गुंडाळू लागलो.

थंडीत काकींना ताप भरला आणि एका गुरुवारी त्या गेल्या. पुतण्याला तार केली, तो आला नाही. खांदा आम्हीच दिला.

त्या रविवारी घाटकोपरचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. त्यांची आई आमच्याकडे होती, पण ती दिवाळीआधीच वारली होती. आता यांचं इथे कोण उरलं, मला कळेना. फाटकाशी सगळ्यांना विचारायचो तसं मी विचारलं, “कोणाकडे?”

“काकींकडे,” ते म्हणाले.